शब्दवेध : हरताळ
नियमांना हरताळ फासला, असं आपण सर्रास म्हणतो. हा हरताळ म्हणजे संस्कृत 'हरिताल', आर्सेनिक-गंधकाचं पिवळंधमक खनिज. पोथीच्या पिवळसर कागदावर अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देई, मजकूर रद्द! तैलचित्रात मात्र तो जपूनच वापरावा लागे : जवसाच्या तेलात उशिरा वाळतो, शिशाच्या सफेद्यात काळवंडू शकतो, शिवाय विषारी. 19व्या शतकात कॅडमियम पिवळा आला आणि हरताळ मागे पडला.

बंदचा 'हरताळ' वेगळा. तो गुजरातीतल्या 'हडताल'चा भाऊ : हट्ट म्हणजे बाजार, त्याला लागलेलं टाळं. तारापूरच्या रंग-रसायनांच्या कारखान्यांत काम बंद पडलं, तर तो हा हरताळ; सांडपाण्याचे नियम धाब्यावर बसवले, तर तो पहिला.