तीन इंचांचा स्ट्रोक

1955 साली शेव्हरोलेने 265 घनइंचांचं व्ही-8 इंजिन बाजारात आणलं. एड कोल यांच्या चमूने ते हलकं आणि आटोपशीर ठेवलं होतं. रॉकर आर्मसुद्धा ओतीव नव्हते, पत्र्यातून दाबून काढलेले. स्वस्त, आणि वेगात फिरायला मोकळे. अमेरिकेतल्या गॅरेजवाल्यांना आणखी काय हवं होतं! दोनच वर्षांत 283 घनइंच झाले आणि फ्युएल इंजेक्शन लावून कंपनीने तितकीच, म्हणजे 283 अश्वशक्ती जाहीर केली.

खरी करामत 1967 ची. ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिनाला 305 घनइंचांची मर्यादा होती. शेव्हरोलेकडे 327 चा ब्लॉक होता, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास चार इंच. त्यात 283 चा तीन इंची स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट बसवला आणि 302 घनइंच जमले. हे इंजिन कॅमॅरो गाडीच्या झी-28 आवृत्तीत बसलं. लांब स्ट्रोकला पिस्टनची धाव वाढते; इथे ती आखूड, म्हणून इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत बिनधास्त चढे. कॅमशाफ्टला मेकॅनिक ‘थर्टी-थर्टी’ म्हणत, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्हना 0.030 इंचाची फट ठेवावी लागे. ती फीलर गेज घालून हातानेच जुळवायची. कमी वेगात ही गाडी कुरकुरे, पण वरच्या फेऱ्यांत तिला तोड नव्हती.

कागदावर अश्वशक्ती 290. प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त, हे रेसिंगवाले जाणून होते. 1968 आणि 1969 मध्ये शर्यतपटू मार्क डोनोह्यूने कॅमॅरो चालवत शेव्हरोलेला ट्रान्स-ॲमचं अजिंक्यपद मिळवून दिलं.

1970 मध्ये नियम सैल झाले आणि झी-28 मध्ये 350 घनइंचांचं एलटी-1 इंजिन आलं, 360 अश्वशक्तीचं. पुढच्याच वर्षी कमी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन उतरवावं लागलं.