दोन तोळ्यांचा बाण

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुले बांबूच्या कांबीचे धनुष्य आणि खराट्याच्या काड्यांचे बाण करीत असू. नुसती काडी भिरभिरत चार पावलांवर पडे. टोकाला रस्त्यावरच्या डांबराची गोळी चिकटविली की तीच सुसाट जाई. आणि गोळी फार मोठी झाली की पुन्हा पायाशीच! बाणाला वजन हवे, पण किती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात घोळत होता. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका माणसाची हकीकत वाचनात आली आणि त्या प्रश्नाची खोली कळली.

29 ऑगस्ट 1911 रोजी ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याच्या आवारात उपासमारीने खंगलेला एक मनुष्य सापडला. याही जमातीचा तो अखेरचा माणूस. बाकीचे सारे मुख्यतः गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बंदुकांनी संपले होते. आपले नाव त्याने कधीच सांगितले नाही. म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ-संग्रहालयात त्याची राहण्याची सोय झाली. शेजारच्या रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्यावर उपचार करता करता त्याचेच शिष्य होऊन बसले.

इशीचे धनुष्य सुमारे 45 पौंडांच्या ओढीचे. लाकडी धनुष्याने शिकार करणारे आजचे लोक ओढीच्या दर पौंडामागे साधारण आठ ते दहा ग्रेन वजनाचा बाण धरतात. जुन्या तोळ्याचे ग्रेन 180. म्हणजे अशा धनुष्याला दोन ते अडीच तोळ्यांचा बाण. सोनाराच्या काट्यावर ठेवावा असा हा हिशेब! बाण फार हलका झाला तर तो वेगाने सुटतो खरा, पण धनुष्याचे सगळे बळ त्याला घेता येत नाही. उरलेले बळ धनुष्यातच धडधडते, प्रसंगी लाकूड तडकते. जड बाण ते बळ अधिक घेतो आणि जनावराच्या अंगात खोलवर शिरतो; मात्र तो सावकाश जातो, लवकर खाली झुकतो, आणि अंतराचा अंदाज थोडा जरी चुकला तरी नेम हुकतो.

इशीकडे काटा नव्हता. विच-हेझलच्या सरळ काडीच्या पुढे तो जड लाकडाचा आखूड तुकडा बसवी आणि जनावराच्या स्नायूंच्या तंतूंनी बांधून घेई. वजन पुढे, शेपूट हलके. आमची डांबराची गोळीच ती! टोकाला ज्वालामुखीची काळी काच किंवा फुटक्या बाटलीची काच. आणि लांबून बाण टाकण्याचा मोह त्याला नव्हता. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे वर्ज्य, तंबाखू वर्ज्य. सकाळी ओढ्यात स्नान. मग झुडपाआड बसून, ओठांशी बोटे धरून तो संकटात सापडलेल्या सशासारखा चीत्कार करी आणि सावज आपणहून जवळ येई. इतक्या जवळून दोन तोळे पुरत असले पाहिजेत.

पोपसाहेबांना पुढे अस्वले मारायची होती. 1920 मध्ये आर्थर यंग यांच्यासह ते यलोस्टोनला गेले, एका संग्रहालयासाठी ग्रिझली आणायला. तिथे 75 पौंडांच्या आसपासचे धनुष्य हवे आणि त्याला वरच्याच हिशेबाने सव्वातीन ते चार तोळ्यांचा बाण. गृहस्थ मोठे प्रयोगशील. एकदा जुने पोलादी कड्यांचे चिलखत हाती आले, तेव्हा एक सेवक ते अंगात घालून समोर उभा राहायला तयार झाला होता. डॉक्टरांनी नको म्हटले, म्हणून तो वाचला. पेटीवर चढविलेल्या त्या चिलखतातून बाण आरपार शिरला.

मी शिकारी नाही, प्राण्यांची शिकार मला रुचतही नाही. पण हलका बाण रुतवून घेऊन रानात दिवस दिवस तडफडणारे जनावर डोळ्यांपुढे आणले, म्हणजे तोळ्याचा हा काथ्याकूट निव्वळ हौसेचा वाटत नाही.

इशी क्षयाने 25 मार्च 1916 रोजी गेला. स्नेह्यांनी त्याच्या शवपेटीत एक धनुष्य ठेवले, ओकच्या फळांच्या पिठाची टोपली ठेवली, थोडी तंबाखू ठेवली. आणि पाच बाण.