चेंडूची विद्या आणि दोन राजधान्या

चेंडूचे खेळ दोन जातींचे आहेत. एका जातींत दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात, गोल होतात आणि जय-पराजय ठरतो. दुसऱ्या जातींत प्रतिपक्ष असा नसतोच. चेंडू पायानें उडवीत राहावयाचा व त्याला जमिनीवर पडूं द्यावयाचें नाहीं, एवढाच तेथील नियम. खेळणाराचा झगडा असतो तो फक्त पृथ्वीच्या आकर्षणाशीं.

अलीकडे जगांतील अनेक शहरांच्या चौकांत व समुद्रकिनाऱ्यांवर तरुण मुलें फुटबॉल घेऊन हीच विद्या शिकतांना दिसतात. त्यांची पहिली मोठी कसोटी म्हणजे 'अराउंड द वर्ल्ड' ही करामत. मराठींत तिला पृथ्वीप्रदक्षिणा म्हणावयास हरकत नाहीं. चेंडू पायानें वर उडवावयाचा, तो हवेंत असतांना त्याच पायाचा पूर्ण फेरा त्याच्याभोंवतीं घालावयाचा, आणि तो खालीं येतांच पुन्हा त्याच पायानें उचलून खेळ पुढें चालू ठेवावयाचा. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु चेंडू पायापासून ३० सेंटीमीटर वर गेला, तर त्यास वर जाण्यास पाव सेकंद व खालीं येण्यास पाव सेकंद लागतो. म्हणजे साऱ्या प्रदक्षिणेला अवघा अर्धा सेकंद! चेंडू अधिक उंच उडवावा, तर अवधि वाढतो, पण चेंडू भलतीकडे भरकटतो. म्हणून शिकणारा प्रथम चेंडूवांचूनच पाय फिरवून पाहतो. मग चेंडू उडवून एकच प्रदक्षिणा साधूं पाहतो. आणि शेंकडों वेळां चुकल्यानंतर एके दिवशीं पायाला ती वाट आपोआप सांपडते.

ही विद्या नवी नव्हे. नऊशें वर्षांपूर्वीं चीन आणि जपान या दोन्ही देशांच्या राजधान्यांत ती अत्यंत परिणत अवस्थेला पोंचली होती, आणि दोन्हीकडे तिला राजदरबारांत मान होता. तथापि एके ठिकाणीं तिच्या नांवाला बट्टा लागला, तर दुसऱ्या ठिकाणीं ती पूज्य ठरली. हा भेद कशामुळें पडला, हें पाहण्यासारखें आहे.

चीनमधील या खेळाचें नांव त्सुजू. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील स्स-मा छियेन या इतिहासकाराच्या ग्रंथांत लिंझ नगरच्या सुखवस्तु रहिवाशांच्या करमणुकींमध्यें चेंडू लाथाडण्याचा उल्लेख आहे. हान काळांत सैनिकांच्या शिक्षणांतही त्याला स्थान होतें. पुढें तांग काळांत भरीव चेंडूच्या जागीं हवा भरलेला चेंडू आला, आणि त्यासरशीं खेळाचें रूप पालटलें. हलका चेंडू उंच उडूं लागला, हवेंत रेंगाळूं लागला, आणि धक्काबुक्कीपेक्षां कौशल्याला महत्त्व आलें. सुंग काळांत (९६० ते १२७९) कातड्याचे बारा तुकडे शिवून चेंडू करीत. गोल नसलेल्या खेळाला 'बायदा' म्हणत. त्यांत खांदा, पाठ, गुडघा, पाऊल अशा सर्व अंगांनीं चेंडू खेळविला जाई. खेळाडूंचे संघ असत. त्यांपैकीं एकाचें नांव होतें 'छियुन', म्हणजे ढगांना भिडणारा.

याच काळांत गाओ छिउ नांवाच्या मनुष्याचा उदय झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीस वांग मिंगछिंग या लेखकानें लिहून ठेविलेल्या हकीकतीनुसार तो प्रथम सुप्रसिद्ध कवि सू शी याच्या पदरीं लेखनिक होता. पुढें तो राजाचा जांवई वांग शेन याच्याकडे गेला. एकदां वांग शेननें केसांची निगा राखण्याचें एक लहानसें उपकरण त्याच्या हातीं देऊन त्याला दुआनच्या राजपुत्राकडे पाठविलें. राजपुत्र त्या वेळीं बागेंत चेंडू खेळत होता. निरोप्या एका बाजूस उभा राहून टक लावून पाहत होता. तुलाही हें येतें काय, असें राजपुत्रानें विचारलें. येतें, असें उत्तर मिळालें. दोघे खेळूं लागले. राजपुत्र इतका प्रसन्न झाला कीं त्यानें वांग शेनला कळविलें, पाठविलेली वस्तु पोंचली आणि ती आणणाराही ठेवून घेतला आहे! मिंग काळांत लोकप्रिय झालेल्या 'शुइहू' कादंबरींत हाच प्रसंग रंगवून सांगितला आहे. तेथें गाओ छिउ अंगावर आलेला चेंडू एका अवघड करामतीनें परत पाठवितो. तिचें नांव चक्रवाकाच्या जातींतील एका जोडीनें राहणाऱ्या पक्ष्यावरून पडलेलें आहे.

इ. स. ११०० मध्यें हा राजपुत्र हुइत्सुंग या नांवानें बादशहा झाला. तो स्वतः थोर चित्रकार व हस्ताक्षरकलेंत निष्णात होता. गाओ छिउ भराभर वर चढला आणि अखेर राजधानी कैफेंगच्या रक्षक सैन्याचा मुख्य झाला. वांग मिंगछिंग सांगतो कीं, इतर सेवकांनीं तशाच कृपेची याचना केली तेव्हां, तुमचे पाय त्याच्यासारखे आहेत काय, असा उलट प्रश्न बादशहानें केला. सैनिकांना खाजगी बांधकामांवर राबविल्याचा आणि त्यांची कवाईत ढिली पडूं दिल्याचा आरोप गाओ छिउवर पुढें करण्यांत आला. ११२५ मध्यें उत्तरेकडून जुर्चेन लोकांचें आक्रमण झालें. ११२६ मध्यें गाओ छिउ मरण पावला, ११२७ मध्यें कैफेंग पडलें, आणि हुइत्सुंग कैदी होऊन उत्तरेकडे गेला. तेथेंच ११३५ मध्यें त्याचा अंत झाला.

एवढें मोठें राज्य एका चेंडूमुळें बुडालें असें म्हणणें अर्थातच बाळबोधपणाचें होईल. गाओ छिउ सर्वस्वीं वाईट होता असेंही नाहीं. सू शीच्या घराण्याचे उपकार तो विसरला नाहीं; त्या घरचीं मुलें राजधानींत आलीं म्हणजे तो त्यांची काळजीपूर्वक विचारपूस करी, हें तोच वांग मिंगछिंग नमूद करतो. दोष चेंडूच्या विद्येचा नव्हता. एका विद्येची परीक्षा घेऊन दुसरीच जबाबदारी सोंपविणाऱ्या निवडीचा होता. परंतु लोकस्मृति असा बारीक विवेक करीत नाहीं. मिंग वंशाच्या पहिल्या बादशहानें तर १३८९ मध्यें अशी आज्ञा काढली कीं, राजधानींतील जो सैनिक चेंडू लाथाडील त्याचा पाय तोडावा. पुढील शतकांत हा खेळ क्षीण होत गेला.

जपानमध्यें हाच खेळ 'केमारी' या नांवानें रुजला. तेथेंही त्याचा राजकारणाशीं संबंध आलाच. ६४४ सालच्या नोंदींत एक कथा आहे. एका देवळाच्या आवारांत चेंडू खेळतांना राजपुत्र नाका नो ओए याचा जोडा निसटून उडाला, आणि कामातारी नांवाच्या सरदारानें तो उचलून नम्रपणें पुढें केला. तेथून जुळलेल्या स्नेहांतून पुढील वर्षींची राज्यक्रांति घडली. परंतु केमारीचा आदर्श पुरुष म्हणून जपाननें कामातारीची निवड केली नाहीं. तो मान मिळाला बाराव्या शतकांतील फुजिवारा नो नारिमिची (१०९७ ते ११६२) या दरबारी गृहस्थाला.

१२५४ मध्यें पूर्ण झालेल्या एका कथासंग्रहांत त्याच्या साधनेचें वर्णन आहे. त्यानें सात हजार दिवस चेंडूचा अभ्यास केला, आणि त्यांपैकीं दोन हजार दिवस एकही खंड पडूं दिला नाहीं. आजारी असला तर तो निजल्या निजल्या चेंडू पायाला लावी. मुसळधार पाऊस असला तर राजवाड्याच्या मोठ्या दिवाणखान्यांत जाऊन खेळे. क्योतो येथील कियोमिझु मंदिराच्या उंच कठड्यावरून चेंडू उडवीत तो गेला व परत आला, अशीही आख्यायिका आहे. व्रत पुरें झालें त्या रात्रीं मनुष्याचें मुख व वानराचें शरीर असलेल्या तीन बालमूर्ति प्रगट झाल्या व आपण चेंडूचे आत्मे आहोंत असें त्या म्हणाल्या. खेळाडू आजही 'आरी', 'या', 'ओ' अशा ज्या हांका घालतात, त्यांचा संबंध या तिघांच्या नांवांशीं जोडला जातो.

केमारीचें अंगण चौकोनी असतें. चार कोपऱ्यांवर चेरी, विलो, मॅपल व पाइन हे वृक्ष लावण्याची परंपरा आहे. चेंडू हरणाच्या कातड्याचा व पोकळ असतो, आणि तो उजव्या पायानेंच उडवावयाचा. कोणी जिंकत नाहीं, कोणी हरत नाहीं. शेजाऱ्याला सहज घेतां येईल असा चेंडू देणें, हेंच उत्तम खेळाडूचें लक्षण. आपल्याकडील गायनाच्या घराण्यांप्रमाणें या विद्येचींही घराणीं झालीं. त्यांतील आसुकाई घराण्यानें ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. १९०३ मध्यें मेजी बादशहाच्या इच्छेनें तिच्या रक्षणासाठीं मंडळ स्थापन झालें.

दोन्ही राजधान्यांत पाय तोच, चेंडूही बहुतेक तसाच. कैफेंगमध्यें कौशल्य ही वर चढण्याची शिडी झाली, आणि चढणारा पडला तेव्हां शिडीलाही दोष लागला. क्योतोमध्यें तेंच कौशल्य नित्याच्या साधनेनें व दुसऱ्याच्या सोयीच्या विचारानें बांधलें गेलें, म्हणून दरबार गेला, सत्ता गेली, तरी तें टिकलें.

आसुकाई घराण्याच्या जुन्या वाड्याच्या जागीं १८६८ मध्यें क्योतोंत शिरामिने हें देवस्थान उभें राहिलें. तेथें चेंडूची देवता नांदते अशी श्रद्धा आहे. आतां फुटबॉल खेळणारीं मुलें सामन्यापूर्वीं तेथें जातात आणि आपले चेंडू देवापुढें वाहतात.