खालची धार

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं होतं, जड आणि हलकं. जड म्हणजे आमच्या विहिरीचं. घर खाडीच्या बाजूला, त्यामुळे होळी उलटली की पाणी मचूळ व्हायचं. त्यात तुरीची डाळ टाकली की आजी चुलीशी बसून राहायची आणि डाळ काही शिजायची नाही. हलकं म्हणजे झऱ्याचं. पनवेलहून पेणच्या रस्त्याला लागलं की कर्नाळ्याच्या बाजूला रस्त्याकडेच्या कातळातून एक धार पडते. आजोबा तिथून कळशी भरून आणायचे. ते पाणी देवाला, पाहुण्याला आणि वरणाला.

त्या दोन शब्दांमागचं कारण मला फार उशिरा कळलं. आमचे डोंगर म्हणजे लाव्हाच्या काळ्या दगडाचे थरावर थर. पावसाचं पाणी वरच्या थराच्या भेगांतून मुरत उतरतं. खाली घट्ट थर किंवा दोन थरांमधली लाल माती लागली की ते अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. दगडातला प्रवास थोडक्यात उरकल्यामुळे त्यात क्षार कमी. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या दाण्याला मऊ होऊ देत नाही. आजीला यातला एकही शब्द ठाऊक नव्हता, पण घोटभर पाणी तोंडात घेऊन ती सांगायची, “हे विहिरीचं. मला फसवू नका.”

आजोबांच्या गोष्टींत झरा नेहमी बैलगाड्यांसकट यायचा. त्यांच्या आजोबांच्या गाड्या होत्या. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, तेव्हा मुंबईचा माल नावेतून पनवेल बंदरात उतरायचा आणि इथून गाड्यांनी घाट चढून पुण्याला जायचा. 1863 मध्ये आगगाडी बोरघाट चढली आणि लांबच्या भाड्यांची ती मिजास संपली. तरी पनवेलची चाकं आणि गाड्या घडवणारे सुतार नावाजलेलेच राहिले. आमच्या गाड्या पेणकडे तांदूळ-मीठ वाहू लागल्या. “झऱ्यापाशी बैल सोडायचे,” आजोबा सांगायचे. “सुपारीचं खोड चिरून कोरलेली पन्हळ लावलेली होती. वरची धार माणसांना. खाली दगडात डबकं होतं, ते बैलांना. पाणी कुणाच्या बापाचं नव्हतं. येईल त्यानं प्यावं.”

हे शेवटचं वाक्य ते इतक्या मायेनं म्हणायचे की मी शाळेच्या निबंधातही ते लिहिलं होतं.

आजोबा गेले त्या उन्हाळ्यात, अंगणात बाजेवर पडल्या पडल्या आजीनं गोष्ट पुरी केली. तिला कुणी विचारलं नव्हतं. “बैलांच्या खाली आणखी एक जागा होती रे,” ती म्हणाली. “डबकं भरून सांडायचं ना, तिथं. बैल पिऊन झाले की ती माणसं तिथं ओंजळ धरायची. वरच्या पन्हळीला त्यांनी हात लावायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा डोळ्यांनी पाहिलंय. तुझे आजोबा वर उभे असायचे.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोललो नाही. माझं त्या माणसावर अतोनात प्रेम होतं, आजही आहे, आणि तरीही ती तिसरी जागा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्याच रस्त्यानं पुढे महाड आहे. सरकारी पैशानं बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा सगळ्यांना खुल्या असाव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळानं 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनं 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना तळ्यावर जाता आलं नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीनं पाणी प्यायले. त्यानंतर विरोधकांनी तळं सार्वजनिक नाहीच, असं म्हणत कोर्टाची वाट धरली. उच्च न्यायालयानं 1937 मध्ये बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षं. माझे आजोबा तेव्हा ऐन पंचविशीत होते आणि गाडी हाकत होते.

आमच्या घरात जी गोष्ट कधीच कुणी सांगितली नाही, ती मला शाळासोबत्याच्या आजोबांकडून मिळाली. बाबासाहेब या रस्त्यानं चालले असता पनवेलजवळ त्यांनी प्यायला पाणी मागितलं आणि कुणी दिलं नाही. ते सोनबा येलवे यांच्या कानावर गेलं. सोनबांनी पाण्याचं मडकं भरलं आणि रस्त्याच्या कडेला येऊन बसले. बाबासाहेब परत याच वाटेनं येतील, तेव्हा त्यांना पाणी द्यायचं. त्या दिवशी ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सोनबा ताजं पाणी भरून पुन्हा बसले. वर्षं गेली, मडकं रोज भरलं गेलं, आणि वाट पाहता पाहता सोनबा गेले. वर्षं किती, झाड कोणतं, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. सोबत्याचे आजोबा इथवर आले की चष्मा काढायचे. “पाणी रोज ताजं भरायचा,” एवढंच ते दोनदा म्हणायचे.

त्या रस्त्यावर आता चौपदरी महामार्गाची कामं झाली. तिकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, आणि टेकडी गेली की तिच्या पोटातलं पाणीही जातं, याची मला मनापासून भीती वाटते. आमच्या झऱ्याची सुपारीची पन्हळ केव्हाच गेली, आता प्लास्टिकचा पाइप आहे. पावसाळ्यात धार मनगटाएवढी असते. तेव्हाचं पाणी मी उकळूनच पितो, कारण वरच्या उतारावरची घाणही त्याच्याबरोबर येते. एप्रिलात धार करंगळीहून बारीक होते. मग भांड्यांची रांग लागते. ठाकूरवाडीतल्या बायांचे हंडे, ट्रकवाल्यांचे कॅन, सोसायटीतून गाडीनं आलेल्यांचे वीस लिटरचे जार. माणसं सावलीला बसतात, रांगेत भांडी उभी असतात.

गेल्या एप्रिलात माझा कॅन सातवा होता. घरून फोन आला म्हणून मी रस्त्यापलीकडे गेलो आणि बोलण्यात गुंतलो. परत आलो तेव्हा रांग पुढे सरकली होती आणि माझा कॅन पाइपाखाली नव्हता. तो बाजूच्या दगडावर होता, काठोकाठ भरलेला, झाकण घट्ट लावलेलं. कुणी भरला म्हणून विचारलं, तर हंडा लावून उभी असलेली बाई म्हणाली, “मघाची एक गेली ना, तिनं. पाणी वाया जात होतं.”