जुन्या चाकूचे वय

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना कनेरगाव नाका लागतो. १९४८ पूर्वी निजामाचे संस्थान आणि वऱ्हाड यांची हद्द याच परिसरात होती. हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अशा भागात जुना घडीचा चाकू सापडला, की 'हा छावणीतला' असे सहज म्हटले जाईल. ते तपासायचे कसे?

चाकूवर सहसा साल नसते; पात्याच्या मुळाशी छाप असतो. तारा आणि माल्टीज क्रूस ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीची खूण. मात्र तिची नक्कलही होत असे. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर रूढ झाली. न गंजणारे पोलादी पाते असेल, तर चाकू १९१३ पूर्वीचा नाही. शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी असे पोलाद त्या वर्षी तयार केले. मग छावणीची गोष्ट टिकत नाही.

नियम सोपा आहे. मूळ भागांवरील सर्वांत अलीकडची खूण धरा. चाकू तिच्याहून जुना नसतो. नवा असू शकतो. विद्यार्थ्यांना एक सूचना जरूर द्या: पाते घासू नका. गंजाबरोबर पुरावाही जातो.