दृक्प्रत्यय आणि लोकस्मृती : १८९८ च्या खग्रास ग्रहणाची मराठी नोंद

मराठी गद्याच्या इतिहासात निबंध, चरित्र, प्रवासवर्णन आणि कादंबरी यांना हक्काची प्रकरणे मिळाली आहेत. आकाशनिरीक्षणातून निर्माण झालेल्या गद्याला मात्र असे स्थान मिळालेले नाही. हे लेखन विज्ञानाचे, म्हणून वाङ्मयेतिहासाच्या कक्षेबाहेरचे, असा एक अलिखित संकेत रूढ आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा मागोवा घेतला, तर या संकेताची किंमत काय पडली हे ध्यानात येते. ही घटना मराठी मुलखाच्या मध्यातून गेली. तिची शास्त्रीय नोंद इंग्रजीत राहिली आणि मराठीत उरली ती प्रामुख्याने आख्यायिका.

या ग्रहणाचा खग्रास पट्टा कोकणकिनाऱ्यावरून सोलापूर जिल्हा, वऱ्हाड आणि नागपूर प्रदेश ओलांडून ईशान्येस बक्सरकडे गेला. विजयदुर्गाच्या किल्ल्यात सर नॉर्मन लॉकियर यांनी मेल्पोमिनी या युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरून आपली उपकरणे उभारली. जेऊर येथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे पथक होते आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचेही. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश हौशी निरीक्षकांच्या मंडळात ॲनी माँडर होत्या. एका लहान कॅमेऱ्याने त्यांनी सूर्याच्या किरीटाचा दूरवर पसरलेला झोत टिपला. त्याच मंडळातील जॉन एव्हरशेड पुढे कोडाईकनाल वेधशाळेत आले. नागपूरजवळ घोगली येथे स्कॉटलंडचे राजज्योतिषी राल्फ कोपलंड होते. छत्तीसगडचे मैदान, म्हणजे आज जेथे भिलाई वसली आहे तो भाग, या पट्ट्याच्या आग्नेयेस राहिला. तेथे ग्रहण खंडग्रासच दिसले.

हे सारे ज्या काळात घडले, तो काळ शांततेचा नव्हता. मुंबई आणि पुणे प्लेगने हादरले होते. जून १८९७ मध्ये रँड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. नक्षत्रांच्या आधारे वेदकाळ ठरविणारा 'ओरायन' हा ग्रंथ १८९३ मध्ये लिहिणारा हा विद्वान ग्रहणाच्या दिवशी तुरुंगात होता. 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथाचे कर्ते शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचे निधन त्याच वर्षी, एप्रिलमध्ये झाले. मराठीत आकाशाविषयी अधिकाराने लिहिणाऱ्या दोन लेखण्या अशा रीतीने नेमक्या त्याच वर्षी थांबल्या. एक तात्पुरती, दुसरी कायमची.

दीक्षितांच्या कार्याकडे तौलनिक दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. १८९६ मध्ये त्यांची दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. रॉबर्ट स्यूएल यांच्यासह लिहिलेले 'द इंडियन कॅलेंडर' हे लंडनहून निघाले, तर 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हे पुण्याहून. पहिल्यात दीक्षित कोष्टके तयार करणारे सहकारी आहेत. दुसऱ्यात ते इतिहासकार आहेत. वेदांगकाळापासून पंचांगवादापर्यंतचा प्रचंड व्याप एका शिक्षकाच्या साध्या, पायरीपायरीने जाणाऱ्या मराठीत त्यांनी मांडला. त्या काळच्या पंचांगवादाच्या केंद्रस्थानी 'दृक्प्रत्यय' हा शब्द होता. गणिताने आलेले ग्रहस्थान आणि डोळ्यांना दिसणारे ग्रहस्थान जुळलेच पाहिजे. न जुळल्यास गणित सुधारावे, असा त्याचा आशय. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी याच आग्रहातून संस्कृतात गणितग्रंथ रचले. १९११ मध्ये त्यांनी नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाविषयीचे आपले अनुमान फ्रेंच ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. संस्कृत, इंग्रजी, फ्रेंच आणि मराठी यांमध्ये वाटला गेलेला हा ज्ञानव्यवहार एका भाषेच्या वाङ्मयेतिहासात मावणारा नाही.

नायगमवाला यांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. भावनगरच्या महाराजांनी १८८२ मध्ये दिलेल्या देणगीतून आणि तितक्याच सरकारी रकमेतून पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तिच्यातील वीस इंची परावर्तक दुर्बीण ग्रब यांच्या कारखान्यात बनली होती. वेधशाळेची दिशा ठरविताना नायगमवाला यांनी इंग्लंडात लॉकियर यांचा सल्ला घेतला होता. मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटातील मुख्य रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे लॉकियर यांचे मत होते. १८९१ मध्ये नायगमवाला यांनी ती रेषा सर्व स्थितींत रेखीवच दिसते असे नोंदविले आणि ज्यांच्याकडून मार्गदर्शन घेतले त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध पुरावा दिला. दृक्प्रत्यय हा शब्द त्यांनी वापरला असो वा नसो, त्यांचे वर्तन त्या शब्दाला धरूनच होते. जेऊरच्या ग्रहणाचा त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. तळणीचे निरीक्षक एव्हरशेड तेव्हा तेथेच होते. पारशी गृहस्थ, पुण्याची कर्मभूमी आणि इंग्रजी लेखन, यांमुळे नायगमवाला कोणत्याच भाषेच्या स्मृतीचे वारस ठरले नाहीत.

लोकस्मृतीने ज्याची निवड केली ते विजयदुर्गाचे 'साहेबाचे कट्टे' होत. लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ रोजी याच कट्ट्यांवरून हेलियमचा शोध लावला, असे मराठीत वारंवार लिहिले आणि सांगितले जाते. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर इंग्लंडात होते. त्या दिवशी गुंटूर येथे जान्सेन यांनी आणि मराठी संस्थान असलेल्या जमखिंडीत जॉन हर्शेल यांनी सौरज्वालांच्या तेजस्वी रेषा पाहिल्या. लॉकियर यांनी ग्रहणावाचूनच २० ऑक्टोबर १८६८ रोजी इंग्लंडातून त्या रेषांचा वेध घेतला. पुढे त्यांतील पिवळी रेषा एका अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली. पृथ्वीवर ते मूलद्रव्य १८९५ मध्ये रॅम्से यांना सापडले. विजयदुर्गावर लॉकियर आले ते त्यानंतर तीन वर्षांनी. कट्टे खरे, साहेब खरा, ग्रहणही खरे. चुकले ते साल, आणि सालाबरोबर अर्थही.

ही चूक केवळ तपशिलाची नाही. परक्या संशोधकाचा शोध आपल्या किल्ल्यावर आणून ठेवताना, जेऊरला स्वतः दुर्बीण लावणारा पुण्याचा प्राध्यापक विस्मृतीत गेला. दगडी कट्टा डोळ्यांसमोर राहतो, इंग्रजी अहवाल कपाटात राहतो. जेथे निरीक्षणाचे गद्य लोकांच्या भाषेत उतरत नाही, तेथे ती जागा आख्यायिका भरून काढते. अभिग्रहणाच्या अभ्यासकांना ही प्रक्रिया अपरिचित नाही. येथे अभिग्रहण साहित्यकृतीचे न होता एका वेधाचे झाले, इतकाच फरक.

या प्रश्नाची दुसरी बाजू छत्तीसगडात दिसते. १९५६ पर्यंत दुर्ग आणि रायपूर यांची राजधानी नागपूर होती. १९५० च्या कायद्याने त्या प्रांतात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. डॉ. रघुवीर यांनी नागपुरात संस्कृताधारित शास्त्रीय परिभाषेचे काम केले ते याच पार्श्वभूमीवर. तरीही शब्द पूर्णतः एक झाले नाहीत. मराठीतील 'तेजोमेघ' हिंदीत 'नीहारिका' होतो, 'दीर्घिका' 'मंदाकिनी' होते, 'वर्णपट' 'वर्णक्रम' होतो. 'धूमकेतू' दोहोंकडे आहे, पण बोलीतले 'शेंडेनक्षत्र' मराठीच्याच वाट्याला आले. दीक्षितांच्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये लखनौहून निघाला. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता; त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. कारखान्याबरोबर वाढलेल्या या बहुभाषिक नगरीत दीक्षित वाचायचे झाल्यास ते मराठीतून की हिंदीतून, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

निरीक्षणाची परंपरा मात्र खंडित झालेली नाही. १९८८ मध्ये पुण्यात आयुका स्थापन झाली आणि २००६ मध्ये गिरवली येथे तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण कार्यान्वित झाली. भिलाईच्या शेजारी, रायपूरच्या पं. रविशंकर शुक्ल विद्यापीठातही खगोलभौतिकीचे अध्यापन रुजले. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ यानावर किरीटाचा वेध घेणारे उपकरण बंगळूरचे आहे, तर जंबुपार किरणांतून सूर्याची छायाचित्रे घेणारी दुर्बीण आयुकाने घडविलेली आहे. जेऊरला काही क्षणांपुरता दिसलेला किरीट आता ग्रहणाची वाट न पाहता अभ्यासता येतो.

या नव्या वेधांचे अहवालही इंग्रजीतच लिहिले जात आहेत, आणि ते अपरिहार्य आहे. प्रश्न त्यांच्या मराठी वा हिंदी रूपाचा आहे. १९०२ चा जेऊरचा अहवाल आणि १८९८ मधील मराठी नियतकालिके शेजारी ठेवून वाचण्याचे काम तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांनी हाती घेतले पाहिजे. विजयदुर्गाच्या कट्ट्यांना त्यांचे खरे साल परत मिळाल्याने त्यांचे मोल घटणार नाही. आणि जेऊरचे नाव त्यांच्या शेजारी येईल.