अल्लादियाखाँचा गळा कशाने गेला?

आमलेटा नावाच्या एका लहानशा संस्थानाच्या राजाला गाण्याचा भारी नाद होता. दरबारातल्या एका गवयाला त्याने गायला लावलं, पुन्हा लावलं, इतकं लावलं की त्या माणसाचा आवाजच गेला. एक-दोन आठवडे नाही, तब्बल दोन वर्षं. परत आला तो निराळाच आवाज. पहिली फिरत नव्हती, पहिला पल्लाही नव्हता.

तो गवई म्हणजे अल्लादियाखाँ. जन्म 1855, राजस्थानातलं उनियारा. पुढे शाहू महाराजांच्या पदरी ते कोल्हापुरात राहिले, 1922 साली महाराज गेल्यावर मुंबईला आले आणि 1946 मध्ये तिथेच वारले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर हे सगळे त्यांचे शिष्य. जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात ते त्यांचंच.

गाणं ऐकणाऱ्या मंडळींत ही हकीकत नेहमी इष्टापत्ती म्हणून सांगतात. आवाज गेला, म्हणून खाँसाहेबांनी नवी गायकी काढली, म्हणून आपल्याला एवढं मोठं घराणं मिळालं. सांगणारा इथे थांबून दाद घेतो. पण गळ्याला नेमकं झालं काय होतं, हे कुणी विचारत नाही. राजाच्या हौसेपायी एका तरुण माणसाची रोजीरोटी बुडाली होती, हेही त्या ‘वा’मध्ये विरून जातं.

आधी गळा कसा चालतो ते पाहू. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. फुप्फुसातून येणाऱ्या हवेने ते एकमेकांवर आपटतात. काळी एकच्या पट्टीत पुरुष गवई तार षड्ज लावतो तेव्हा ही आपटाआपटी सेकंदाला सुमारे 277 वेळा होते. सरासरी 200 धरली तरी तासाभराच्या सलग गाण्यात 7 लाख 20 हजार. स्वरतंतूंवरचं मऊ, ओलसर अस्तर खालच्या थरावर लाटेसारखं सरकतं, आणि आवाजातला गोडवा या सरकण्यावर असतो.

साधा घसा बसला तर तो आठ-पंधरा दिवसांत सुटतो. तेव्हा दोन वर्षांच्या हिशेबात सर्दी-खोकला बसत नाही. घशाचा क्षय त्या काळी सर्रास होता, आणि औषध नसताना तो जीवच घ्यायचा. खाँसाहेब नव्वदीपर्यंत जगले, म्हणून तोही मी बाजूला ठेवतो. स्वरयंत्राची नस लुळी पडली असती तर आवाज हवेशीर, फुसका झाला असता आणि पाणी पिताना ठसकाही लागला असता. शक्यता आहे, पण मग अतिगायनाशी तिचा संबंध जुळत नाही.

राहतात दोन कारणं. एक, सततच्या घर्षणाने स्वरतंतूंवर आलेल्या गाठी. विश्रांती आणि नीट रियाझ यांनी त्या बऱ्याचदा विरतात. दुसरं, जोर लावताना अस्तराखालची बारीक रक्तवाहिनी फुटणं. रक्त जिरतं, पण त्यावरच गात राहिलं तर तिथे व्रण धरतो, अस्तर ताठरतं आणि लाट नीट उठत नाही. आवाज येतो, पण जड होऊन. परत आला आणि पहिल्यासारखा झाला नाही, या वर्णनाशी मला हे दुसरं कारण अधिक जुळतं वाटतं. हा अर्थात दूरचा अंदाज आहे, तपासणी नव्हे.

तपासणीचं साधन मात्र तेव्हा जगात होतं. मान्वेल गार्सिया या लंडनमधल्या गायनशिक्षकाने 1854 मध्ये आरशांच्या मदतीने स्वतःचं स्वरयंत्र गाताना पाहिलं आणि 1855 साली, म्हणजे खाँसाहेबांच्या जन्माच्याच वर्षी, ते विद्वानांपुढे मांडलं. दरबारी गवयाच्या घशात असा आरसा घालणार कोण?

इथे बेथोवेन आठवतो. आपल्याला ऐकू येईनासं झालंय, हे त्याने 1801 मध्ये वेगेलर या डॉक्टर मित्राला पत्रात लिहिलं. उंच स्वर आधी गेले, तेही लिहिलं. 1827 मध्ये मृत्यूनंतर शवविच्छेदन झालं. त्याच्या केसांच्या बटा लोकांनी जपल्या, 2023 मध्ये त्यांतून डीएनए काढला. यकृताच्या आजाराचे आनुवंशिक धोके सापडले, कावीळ ‘ब’च्या विषाणूचा माग सापडला. बहिरेपणाचं कारण सापडलंच नाही. पुढच्या वर्षी केसांतल्या शिशाचे आकडे आले, त्यावरही वाद आहेतच. एवढे कागद आणि केस असून ही गत, तर खाँसाहेबांची आपल्याकडे फक्त हकीकत आहे. ध्वनिमुद्रिका त्यांनी दिली नाही.

आमच्या सोनारीकडे जत्रेत भैरवनाथापुढे रात्र जागवणारे गोंधळी, आराधी, भजनी मंडळी आजही ताणून गातात, आणि घसा बसला की हळद-ज्येष्ठमधावर भागवतात. ‘गाऊन गाऊनच आवाज उघडतो’ हा सल्ला वर फुकट. तीन-चार आठवडे आवाज सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून तो आतून पाहून घ्यायचा असतो. पण आपल्याकडे अशी माणसं ‘त्याचा गळा गेला’ एवढ्या तीन शब्दांत संपतात.

आता त्या इष्टापत्तीकडे. कुमार गंधर्वांबद्दलही हेच बोललं जातं, की क्षयाने फुप्फुस गेलं म्हणून त्यांच्या ताना छोट्या झाल्या. कुमारांच्या डोक्यात काय चाललं होतं हा प्रश्न मग विचारावा लागत नाही. स्ट्रेप्टोमायसीनने ते वाचले आणि 1992 पर्यंत गायले. आजारानेच शैली घडवली म्हटलं, की कलावंताच्या बुद्धीचं श्रेय जंतूला जातं.

खाँसाहेबांच्या घरात ध्रुपदाची परंपरा होती, अनवट रागांचा साठा होता. फिरत गेल्यावर त्यांनी लयीशी बांधलेल्या, वळणावळणाच्या स्वराकृतींवर भर दिला असेल, हे मला पटतं. पण ती गायकी केवळ दुखऱ्या गळ्याची कुबडी असती तर धडधाकट गळ्यांना ती अपुरी पडली असती. मोगूबाईंनी ती उचलली आणि मुलगी किशोरी आमोणकर यांना दिली. केसरबाईंनी भरघोस आकारात ती गायली. 1977 साली व्हॉयेजर यानातून अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. फोनवर सहज सापडते. ऐकताना कुठे गळा जपल्याची खूण दिसते का, तेवढं बघा.